छावणीतले बिऱ्हाड

केजच्या एस.टी. स्टँडवर कधीमधी एक काळी लोखंडी पेटी दिसते. तिच्यावर पांढऱ्या रंगाने एक लांब नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले असते. ही पेटी जवानाची, हे पाहताच कळते. सुट्टी संपवून एकटा जवान निघाला तर पेटी एकच असते. पण एखाद्या दिवशी पेट्या तीन असतात. सोबत गोणीत बांधलेले पोळपाट-लाटणे असते, गादीची वळकटी असते, मिरचीच्या कुटाचा डबा असतो. पेटीवर सून लेकराला मांडीवर घेऊन बसलेली असते. सासूबाई पदराने डोळे पुसत उभ्या असतात. ही मंडळी कोठे निघाली? छावणीत बिऱ्हाड करायला.

आता म्हणाल, गाव सोडून जाणे आम्हाला काय नवीन? खरेच आहे. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. संसार बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये चढतो आणि कारखान्याच्या कोपीवर उतरतो. पाऊसकाळाच्या तोंडाला माणसे परत येतात. या जाण्यात लेकरांची शाळा बुडते, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

जवानाच्या कुटुंबाचे जाणे निराळे. ते दोन-तीन वर्षांसाठी जातात. तेथून गावी परत येतील असेही नाही. पुढच्या ठाण्यावर जातात. आणि या जाण्याला कागद लागतात. कागद नीट असले तर घर मिळते, दवाखाना मिळतो, लेकराला शाळा मिळते. कागद नसले तर जवानाची बायको असूनही दारात उभे राहावे लागते. म्हणून कागदांचे आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत.

त्याआधी फौजेतले दोन शब्द समजून घेऊ या. एक ‘पीस’ आणि दुसरा ‘फील्ड’. पीस म्हणजे शांततेचे ठाणे. पुणे, नगर, देवळाली, जबलपूर, सिकंदराबाद ही अशी ठाणी. तेथे कुटुंब नेता येते. फील्ड म्हणजे सरहद्दीवरची किंवा धोक्याची जागा. तेथे कुटुंब नेता येत नाही. भरती झाल्यावर शिकाऊ असतानाही नेता येत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे. आपल्याकडची पुष्कळ पोरे तेथे शिकतात. शिकाऊ जवान बराकीत राहतो. तेव्हा लग्न झाले, पोरगा भरती झाला, आता सून लगेच शहरात जाईल, असे कोणी धरून चालू नये.

पीसची पोस्टिंग आली तरी घर त्याच दिवशी मिळते असे नाही. छावणीत घरे थोडी आणि कुटुंबे जास्त. त्यामुळे यादी असते, नंबर लागावा लागतो. पुष्कळ जवान आधी एकटे जातात, घराचा अर्ज करतात आणि नंबर लागला की कुटुंबाला बोलावतात. कोणी तोवर बाहेर भाड्याने खोली घेतात. गावी निरोप येतो, ‘क्वार्टर मिळाला, तयारी करा.’

आता कागद. लग्न झाले की जवानाने ते आपल्या युनिटात नोंदवायचे असते. या नोंदीला जवान ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. मूल झाले की त्याचीही अशीच नोंद होते. लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीतून घ्यावा. मुलाच्या जन्माची नोंद वेळेत करून तो दाखला घ्यावा. नवराबायकोचा एकत्र फोटो काढावा. एवढे ऐकून कोणी म्हणेल, यात अवघड ते काय? अवघड आहे ते नाव. आपल्याकडे बाईला माहेरचे एक नाव, सासरचे दुसरे, आणि आधार कार्डावर कोणी तिसरेच लिहिलेले असते. लग्नाच्या दाखल्यावर एक आणि आधारावर दुसरे नाव आले की फौजेतला कारकून कागद परत पाठवतो. मग केजच्या तहसीलला खेटे, प्रतिज्ञापत्र आणि पुन्हा सारे पहिल्यापासून. त्यात महिने जातात. म्हणून लग्न झाल्यावर पहिल्यानेच बसून सगळ्या कागदांवरचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आता तुम्हाला वाचता येते. हे काम दुसऱ्यावर सोडू नका.

ही नोंद केवळ क्वार्टरसाठी नसते. बोलायला जड आहे, पण बोलले पाहिजे. जवानाचे बरेवाईट झाले तर कुटुंबाचे निवृत्तिवेतन याच नोंदीवर मिळते. त्यावर पहिला हक्क पत्नीचा असतो. विम्याचे पैसे कोणाला किती, हे जवानाने वेगळे लिहून दिलेले असते. लग्नाआधी लिहिले असेल तर लग्नानंतर ते पुन्हा पाहावे लागते. आईचे नाव कुठे, बायकोचे कुठे, हे सगळ्यांना माहीत असलेले बरे. सासूसुनांत पुढे वितुष्ट येते ते बहुतेक न बोलण्यातून. आम्ही तर म्हणतो, पोरगा सुट्टीवर आला की एक संध्याकाळ याच कामाला द्यावी.

समजा, बदली नगरला झाली. नगर म्हणजे अहमदनगर. आता त्याचे नाव अहिल्यानगर. केजला हे मोठे फौजी ठाणे जवळचे आहे. केजहून नेकनूर, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड या वाटेने एस.टी.ने जाता येते. बीडपर्यंत जाऊन पुढे रेल्वेनेही जाता येते. बीड ते अहिल्यानगर ही रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली. याच तारखेला १९४८ साली निजामाचे राज्य संपले आणि आपला मुलूख भारतात आला. रेल्वेची वाट आपल्या लोकांनी किती वर्षे पाहिली, ते वेगळे सांगायला नको. बदलीच्या प्रवासाचे आणि सामानाचे पैसे जवानाला नियमाप्रमाणे सरकारकडून मिळतात. मात्र तिकिटे आणि पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

छावणी ही वस्तू आपल्या भागाला अगदी अनोळखी नव्हे. अंबाजोगाईचे नाव पूर्वी मोमिनाबाद होते. तेथे निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचे घोडदळ राहत असे. नगरची छावणी त्याहून मोठी. १८०३ साली इंग्रजांनी नगरचा भुईकोट किल्ला घेतला आणि त्यानंतर तेथे छावणी वसली. १९४२ साली पंडित नेहरूंना याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. आज नगरला रणगाड्यांवरचे जवान शिकतात. खारे कर्जुने गावाच्या बाजूला तोफा डागण्याच्या सरावाची जागा आहे. सराव चालू असला की आवाज लांबवर येतो. नव्या सुनेला पहिल्यांदा वाटते, काय झाले! शेजारीण हसते आणि म्हणते, ‘काही नाही हो, रेंज चालू आहे.’

क्वार्टर फार मोठा नसतो. पण स्वयंपाकघर असते, संडास-न्हाणी आत असते, नळ असतो. उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या बाईला त्या नळाचे काय वाटत असेल, ते ज्याचे त्याने समजावे. घर ताब्यात घेताना भिंती, काचा, नळ, दिवे यांची यादी होते. जे मोडके असेल ते त्याच वेळी यादीत लिहून घ्यावे. नाहीतर घर सोडताना भरपाई जवानाच्या पगारातून जाते.

छावणीला फाटक असते आणि फाटकावर पहारा असतो. बाईजवळ स्वतःचे ओळखपत्र हवे. गावाहून पाहुणे येणार असतील तर आधी कळवावे लागते, आणि पाहुण्यांनीही आपले आधार कार्ड आणावे. नाहीतर केजहून चार-पाच तास प्रवास करून आलेला बाप फाटकाबाहेर बसून राहतो. यात कोणाचा अपमान नसतो. पहाऱ्यावरचा पोरगा त्याचे काम करत असतो.

दुखलेखुपले तर फौजेचा दवाखाना आहे. बाळंतपणही तेथे होते. सामानासाठी कँटीन आहे. साबण, तेल, चहा, शेगडी हे बाजारापेक्षा स्वस्त पडते. पण कार्डावर ठरावीकच मिळते, आणि ते घरच्यासाठी असते. बाहेर विकणे गुन्हा आहे. हे गावच्या पाहुण्यांनाही सांगायला हवे. कारण जवान सुट्टीवर निघाला की फोन सुरू होतात: मामाला प्रेशर कुकर, आत्याला पंखा, आणि मित्रांना काय हवे असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. तो बिचारा कुणाकुणाला पुरा पडणार?

शेजार मोठा मजेचा असतो. एका बाजूला पंजाबची बाई, दुसऱ्या बाजूला तमिळ मुलखातली, समोर बिहारची. पहिले महिनाभर नुसते हसून आणि हातवारे करून भागते. मग हिंदी येऊ लागते. आपली बाई ज्वारीची भाकरी थापते, शेजारची मक्याची रोटी देते. नवरा ड्यूटीवर असताना रात्री पोराला ताप आला तर धावून येते ती हीच शेजारीण. मात्र एक पथ्य सगळ्याच जणी पाळतात. युनिट कोठे निघाले, कधी निघाले, हे फोनवर कोणाला सांगायचे नाही. आईलासुद्धा नाही. गावच्या मंडळींनीही ते विचारू नये.

लेकरांच्या शाळेचे काय? बदलीवाल्यांच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालये आहेत. १९६३ साली पलटणींच्या २० शाळा हाती घेऊन त्यांची सुरुवात झाली. या शाळांत सगळीकडे अभ्यास एकच. नगरला तिसरीत असलेला मुलगा जालंधरला गेला तर तेथेही तीच पुस्तके. वर्ष बुडत नाही. ऊसतोडीच्या लेकरांना एवढी एक सोय मिळती तर किती बरे झाले असते, असे आमच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. अर्थात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून गेलेल्या पोराला पहिले सहा महिने जड जातात. शिकवणे हिंदीत आणि इंग्रजीत चालते. पोर गप्प बसू लागते. अशा वेळी मारू नये, रागावू नये. आईने रोज पाच मिनिटे त्याच्याशी मराठीत शाळेचे बोलावे. शाळा सोडल्याचा दाखला मात्र निघतानाच घ्यावा. तो मागे राहिला तर मागवताना नाकीनऊ येतात.

दोन-तीन वर्षे होतात, घर लागी लागते आणि पुन्हा पेट्या भरायची वेळ येते. या खेपेला समजा पंजाबात पठाणकोटला जायचे आहे. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस नगर, मनमाड, भुसावळ, भोपाळ, दिल्ली अशी वर जाते. तिला जवानांची गाडीच म्हणतात. गाडीत दोन रात्री काढाव्या लागतात. केजच्या माणसाला पंजाबची थंडी ठाऊक नसते. दिवाळीनंतर निघणार असाल तर लेकराचे लोकरीचे कपडे पेटीत तळाला ठेवू नका, वर ठेवा.

आणि मग कधीतरी फील्ड येते. जवान सरहद्दीवर जातो आणि कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो: गावी परतायचे की मागे राहायचे? फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी काही ठाण्यांत वेगळी घरे असतात. तेथे बाई मुलांना घेऊन राहू शकते. घराचा अर्ज मात्र आधीच करावा लागतो. घरी सासूबाई म्हणतात, “एकटी बाई परमुलखात कशाला? ये की घरला.” सून म्हणते, “आत्याबाई, पोराची परीक्षा तोंडावर आलीय. एवढं वर्ष होऊ द्या.” दोघींचेही खरे आहे. गावी म्हातारा-म्हातारी, शेत, जनावरे. तिकडे शाळा आणि दवाखाना. आमचे मत विचाराल तर, मूल शाळेत शिकते आहे आणि शेजार बरा आहे, तोवर सुनेला तेथेच राहू द्यावे. मूल लहान असेल आणि घरी माणसांची गरज असेल तर तिने गावी यावे. पण ठरवताना तिला विचारावे. तिच्यावाचून ठरवू नये.

मागे राहिलेल्या शेताचेही एक सांगतो. जवान सरहद्दीवर असताना कोणी बांधाचा वाद कोर्टात नेला, तर घाबरू नये. १९२५ चा एक कायदा आहे. जवान अशा कामगिरीवर आहे असा दाखला कोर्टात दिला तर दावा पुढे ढकलता येतो. यासाठी आणि इतर अडचणींसाठी बीडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे जाऊन चौकशी करावी. जवानाचा नंबर आणि युनिटाचे नाव लिहून न्यावे.

जवान फील्डवर असला की फोन लागतो, लागतही नाही. पत्र मात्र पोचते. पत्रावर आधी नंबर, मग हुद्दा, नाव, युनिट, आणि खाली ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असे लिहितात. जो आकडा जवानाने दिला असेल तोच लिहावा. शेवटी ९ ने सुरू होणारा पिन. गावाचे नाव, जिल्हा, राज्य काही लिहायचे नाही. ५६ ची पत्रे दिल्लीला आणि ९९ ची कोलकात्याला जमतात आणि तेथून फौजेचे टपालवाले ती पुढे नेतात.

छावणीतल्या नातवालाही आजीने पत्र लिहावे. त्याची शाळा हिंदीची असली तरी हिंदी आणि मराठीची अक्षरे तीच. त्याला वाचता येते. अडतो तो एका अक्षराशी. ‘बाळा’ आणि ‘गूळ’ यांतला ळ त्याच्या हिंदीच्या पुस्तकात नसतो. तेवढे एक अक्षर आजीने पत्रात मोठे काढून द्यावे आणि त्याच्याकडून दहा वेळा गिरवून मागवावे. सणाचे पत्र असेल तर पंधरा दिवस आधी केजच्या पोस्टात टाकावे.