औषधाचा अभ्यास : कारखान्यात आणि रुग्णालयात

औषध शरीरात गेल्यावर काय घडवते आणि शरीर त्या औषधाचे काय करते, या दोन प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे औषधिक्रियाविज्ञान. महाविद्यालयांत ते फार्माकॉलॉजी या नावाने शिकवले जाते. औषध कोणत्या पेशीवर किंवा जंतूवर, किती मात्रेत आणि कसे काम करते, हे पहिल्या प्रश्नात येते, तर रक्तात होणारे शोषण, यकृतात होणारे रूपांतर आणि शरीराबाहेर होणारे उत्सर्जन हे दुसऱ्यात येते. बारावी विज्ञाननंतर या विषयाकडे नेणारी रुळलेली वाट बी. फार्म. या चार वर्षांच्या पदवीची असून, ज्यांना पुढे संशोधनाकडे वळायचे असते ते एम. फार्म.ला हाच विशेष विषय घेतात.

भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार बी. फार्म.च्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सत्रांत हा विषय शिकवला जातो, आणि त्यातील प्राण्यांवरचे प्रयोग आता संगणकीय प्रतिरूपे व चित्रफितींच्या साहाय्याने दाखवले जातात. सहावे सत्र संपल्यावर आणि सातवे सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने औषध कारखान्यात किंवा रुग्णालयात चार आठवड्यांत किमान १५० तास काम करावे, अशी तरतूद आहे, मात्र नियमावली या प्रशिक्षणाला ‘इष्ट’ म्हणते. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत विद्यार्थी याच विषयाच्या पदवीदरम्यान पूर्ण एक वर्ष उद्योगात घालवू शकतात. त्या तुलनेत चार आठवडे थोडे आहेत, आणि म्हणूनच ते कोठे व कसे घालवले जातात याला महत्त्व येते.

विदर्भातील चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हाच प्रश्न अधिक अवघड होतो. चंद्रपूरची औद्योगिक ओळख कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद यांची, तर गडचिरोलीची वन आणि लोहखनिजाची असल्याने मोठा औषध कारखाना पाहण्यासाठी येथील विद्यार्थ्याला नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि महिनाभराचा राहण्याजेवणाचा खर्च अनेक कुटुंबांना पेलत नाही. तरीही तो अनुभव मोलाचा आहे. गोळी ठरलेल्या वेळेत द्रवात विरघळते की नाही, हे तपासणारी विद्रावण चाचणी पाहिल्यावर, गोळी नीट विरघळली नाही तर औषधाची रक्तातील पातळीही अपेक्षेप्रमाणे वाढणार नाही, हा पुस्तकातला संबंध डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याचप्रमाणे ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने औषध ठेवून केली जाणारी टिकाऊपणाची चाचणी पाहणाऱ्यास, उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुरात औषधे कोठे आणि कशी साठवावीत, याचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र औषध माणसाच्या शरीरात काय करते, हे पाहण्यासाठी हेच दोन जिल्हे फार मोठी शाळा आहेत. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. त्यातील व्हायव्हॅक्स प्रकारचा परजीवी यकृतात सुप्तावस्थेत राहून पुन्हा ताप आणतो, म्हणून रक्तातील परजीवी मारणाऱ्या क्लोरोक्विनबरोबर यकृतातील परजीवीसाठी प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर अनुवंशाने कमी असते, त्यांच्यात हेच प्रायमाक्विन त्या पेशी फोडू शकते. मध्य भारतातील काही आदिवासी समूहांत ही उणीव आढळत असल्याने, लघवी काळपट होणे ही धोक्याची खूण रुग्णाला आधीच सांगावी लागते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांना दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया गर्भस्थ बाळाच्या रक्तात असते त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून वेदनांचे झटके कमी करते, परंतु ते पांढऱ्या पेशीही घटवू शकत असल्याने रक्ततपासणी वारंवार करावी लागते. औषधांचे असे अनिष्ट परिणाम नोंदवण्यासाठी देशात २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे, आणि ही नोंद काळजीपूर्वक करणे हे आज औषध उद्योगातीलही एक मान्य करिअर आहे.

ताप दोन-तीन दिवसांत उतरला की उरलेल्या गोळ्या तशाच राहतात, ही हिवतापाच्या उपचारातील नेहमीची अडचण होय. चौदाव्या दिवसापर्यंत औषध का घ्यायचे, हे गोंडी किंवा माडिया या स्थानिक भाषांत समजावून सांगू शकणारा फार्मसीचा विद्यार्थी येथे जे काम करू शकतो, ते बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला सहज साधणारे नाही.

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि या दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे. येथील फार्मसी महाविद्यालयांनी १५० तासांचा काही भाग रुग्णालयात आणि काही कारखान्यात जाईल अशी आखणी करावी, विदर्भातील औषध कंपन्यांनी या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी निवासासह काही जागा राखून ठेवाव्यात, आणि पालकांनीही हे प्रशिक्षण केवळ प्रमाणपत्रापुरते उरकू देऊ नये. औषध बनताना आणि लागू पडताना अशा दोन्ही ठिकाणी पाहिलेला विद्यार्थीच या शास्त्राचा खरा जाणकार होतो, आणि अशा जाणकारांची गरज या दोन जिल्ह्यांइतकी क्वचितच कोठे असेल.