तीन वर्षांचा परदेश, घरातली शाळा

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेले रामकृष्णपुरम, अर्थात सर्वांच्या तोंडी रुळलेले आर. के. पुरम, ही वसाहत म्हणजे बदल्यांचे गाव. रामकृष्ण परमहंसांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीची ओळख सेक्टरांच्या क्रमांकांनी होते आणि येथील सरकारी निवासस्थान मिळते ते नोकरीच्या काळापुरते. केंद्र सरकारच्या सेवेत असलेली कितीतरी मराठी कुटुंबे येथे राहून गेली आहेत. आषाढी एकादशीला येथील विठ्ठल मंदिरात जमणारी मंडळी पाहिली, की पंढरीच्या वाटेपासून इतक्या दूरही महाराष्ट्राने आपला एक कोपरा राखला आहे, याची खूण पटते.

अशा वसाहतीत बदलीचा हुकूम ही नवलाई नसते. पुणे झाले, गुवाहाटी झाली, चेन्नई झाली. सामान बांधणे आणि सोडणे घराच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु हुकूम परदेशाचा निघाला, की घरातला पहिला प्रश्न घरभाड्याचा अथवा हवामानाचा नसतो. तो असतो मुलांच्या शाळेचा. तीन वर्षांनी परत दिल्लीलाच यायचे आहे. मग मधल्या काळात मुलाने शिकायचे कोठे, कोणत्या भाषेत आणि कोणत्या अभ्यासक्रमाने?

देशांतर्गत बदल्यांपुरते या प्रश्नाचे उत्तर शासनाने १९६३ साली शोधले. सैन्याच्या वीस शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांची योजना त्या वर्षी सुरू झाली. अभ्यासक्रम सर्वत्र एकच असल्यामुळे बदली झाली तरी मुलाचे पुस्तक बदलत नाही, हे तिचे मोठे बळ. आर. के. पुरममध्येही अशी विद्यालये आहेत. देशाबाहेर मात्र काठमांडू, मॉस्को आणि तेहरान या तीनच ठिकाणी केंद्रीय विद्यालये स्थापन झाली. आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा पुष्कळ आहेत. युरोप, लॅटिन अमेरिका अथवा आफ्रिकेतील अनेक शहरांत मात्र त्या नाहीत. तेथे पालकांपुढे तीन वाटा उरतात: स्थानिक भाषेतील शाळा, भरमसाट शुल्काची आंतरराष्ट्रीय शाळा किंवा घर हीच शाळा.

या तिसऱ्या वाटेला अलीकडे 'होमस्कूलिंग' म्हणतात. मराठीत गृहशिक्षण हा शब्द त्यास शोभतो. त्यात स्वातंत्र्य आहे, काटकसर आहे आणि मुलाच्या गतीने शिकण्याचा आनंदही आहे. तथापि कायमचे गृहशिक्षण आणि परतीचे तिकीट खिशात ठेवून केलेले गृहशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात मुलाला एक दिवस पुन्हा शाळेच्या रांगेत उभे राहायचे असते. त्या दिवसाची तयारी निघण्याच्या दिवसापासूनच करावी लागते.

वाट जुनीच आहे

घरी शिकण्याची कल्पना मराठी मनाला परकी नाही. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते आपल्या लेकीला दिले. हे कुटुंब एका गावी स्थिर नव्हते. तीर्थक्षेत्रे हिंडत, पुराणे सांगत त्याचे आयुष्य गेले. या फिरत्या घराखेरीज रमाबाईंना दुसरी पाठशाळा लाभली नाही. पुढे १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांची विद्वत्ता पारखली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाधी दिल्या. शिक्षण घरात झाले, पण त्याची पारख घराबाहेरच्या जाणकारांनी केली, हा त्यातील मर्माचा भाग. गृहशिक्षणाच्या आजच्या प्रश्नाची गाठही नेमकी तेथेच आहे.

दूरदेशी राहणाऱ्या मुलांसाठी इतर समाजांनीही अशा सोयी केल्या. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या काल्व्हर्ट शाळेने १९०६ साली टपालाने घरपोच अभ्यासक्रम पाठविण्यास आरंभ केला. परदेशी राहणाऱ्या धर्मप्रचारकांच्या व मुत्सद्द्यांच्या कित्येक मुलांनी त्यावर प्राथमिक शिक्षण पूर्ण केले. ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथून १९५१ साली रेडिओद्वारे शाळा भरू लागली आणि शेकडो मैलांवरच्या पशुपालकांची मुले घरी बसून हजेरी देऊ लागली. खुद्द दिल्लीत १९६८ साली पत्राचार विद्यालय निघाले. अंतर कितीही असो, घरातील अभ्यासाला बाहेरच्या एखाद्या संस्थेचा धागा असावा, हे या सर्वांतील समान सूत्र.

त्या देशाचा कायदा

विमानात बसण्यापूर्वी पहिले काम म्हणजे जेथे जायचे त्या देशाचा कायदा समजून घेणे. भारतातील सवयीने गृहीत धरलेली गोष्ट परदेशी गुन्हा ठरू शकते.

जर्मनीत मुलाने शाळेत हजर राहणे सक्तीचे आहे आणि घरी शिकविण्यास जवळजवळ वाव नाही. या सक्तीविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलेल्या पालकांना २००६ आणि २०१९ अशा दोन्ही वेळी अपयश आले. स्वीडनमध्ये २०११ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार केवळ अपवादात्मक परिस्थितीतच परवानगी मिळते. त्याच देशात २००९ साली भारताकडे निघालेल्या विमानातून, घरी शिकणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलाला उड्डाणापूर्वी आईवडिलांपासून वेगळे करून सरकारी ताब्यात घेण्यात आले होते. त्या प्रकरणाचा गाजावाजा जगभर झाला. फ्रान्समध्ये पूर्वी नुसती सूचना देणे पुरे होई. २०२१ च्या कायद्यानंतर, २०२२ च्या शालेय वर्षापासून, आधी परवानगी घ्यावी लागते.

याउलट अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गृहशिक्षण वैध आहे, मात्र नियम राज्यागणिक बदलतात. कोठे साधी नोंद पुरते, तर कोठे वार्षिक चाचणी अथवा प्रगतीचा अहवाल मागतात. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्याने मुलास शाळेत 'किंवा अन्य प्रकारे' योग्य शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकांवर सोपविले आहे. जपानमधील सक्ती जपानी नागरिकांपुरती आणि सिंगापूरमधील सिंगापुरी नागरिकांपुरती आहे. सारांश, देश बदलला की नियम बदलतो. शेजारच्या देशातील परिचिताचा अनुभव प्रमाण मानण्यापेक्षा तेथील शिक्षण खात्याकडून लेखी माहिती घेणे शहाणपणाचे.

वेळापत्रक घराचे, खिडकी जगाची

समजा, सेक्टरातील एका कुटुंबातील दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा आईवडिलांसह तीन वर्षांसाठी परदेशी चालले आहेत. त्यांच्या घरातली शाळा कशी असावी?

पुस्तकांची चिंता आता पूर्वीसारखी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची, म्हणजेच एनसीईआरटीची सर्व पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. १९६७ साली स्थापन झालेल्या 'बालभारती'चीही पुस्तके त्याच रीतीने उतरवून घेता येतात. गणित, विज्ञान आणि भाषा यांचा कणा या पुस्तकांवर ठेवला, तर परतल्यावर मुलांना वर्गात परके वाटत नाही. सकाळचे अडीच-तीन तास एकाग्रतेने दिले तर प्राथमिक इयत्तांचा अभ्यास पुरा होतो. चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, सूचना आणि शिस्त यांत जाणारा वेळ घरात वाचतो.

उरलेला दिवस त्या देशाचा. सार्वजनिक ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, बाजारपेठ, नदीचा घाट, रेल्वेस्थानक या साऱ्यांची पाठ्यपुस्तके तेथील रस्त्यांवर उघडी पडलेली असतात. भूगोलात वाचलेला हिमवर्षाव दारात पडतो. तिकिटाच्या खिडकीशी पाच वाक्ये स्वतः बोलल्याने स्थानिक भाषेची भीती जाते. मैदानी खेळाच्या क्लबात किंवा संगीतवर्गात नाव घातल्यास समवयस्कांची सोबत मिळते. ही सोबत चैन समजू नये, कारण घरी शिकणाऱ्या मुलांना सर्वाधिक उणीव भासते ती सवंगड्यांचीच.

या व्यवस्थेचा भार बहुधा आईवर पडतो, हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. परक्या गावात घर लावायचे, स्वयंपाकाला ओळखीचे जिन्नस शोधायचे आणि वर शिक्षिकाही व्हायचे, हे एकटीचे काम नव्हे. वडिलांनी एखादा विषय पूर्णपणे आपल्याकडे घेतला आणि भारतातील आजी-आजोबांनी दूरध्वनीवरून दर आठवड्याला गोष्ट सांगण्याचा वार ठरविला, तर घरातली शाळा खऱ्या अर्थाने घराची होते.

मराठीची शिदोरी

इंग्रजी कोठेही मिळेल, स्थानिक भाषा अंगणात मिळेल. मराठी मात्र घरातच द्यावी लागते. दिल्लीत असताना जिन्यावर, मंदिरात, गणेशोत्सवात कानावर पडणारी मराठी परदेशी एकाएकी थांबते. सात वर्षांच्या मुलाची अक्षरओळख नुकतीच झालेली असते आणि तीन वर्षांत ती पुसली जाण्यास वेळ लागत नाही. अनेक देशांतील महाराष्ट्र मंडळे आठवड्यातून एकदा मराठी शाळा भरवितात, तिचा लाभ घ्यावा. मंडळ नसेल तेथे आजोबांना दर पंधरवड्यास हाताने लिहिलेले एक पत्र, एवढा नेमही पुष्कळ काम करतो. त्यात शुद्धलेखन, निबंध आणि नाते हे तिन्ही सांभाळले जाते.

परतीचा दाखला

खरी कसोटी परतल्यावर. येथे शिक्षणहक्क कायदा पालकांच्या मदतीस येतो. २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, सहा ते चौदा वयोगटातील मूल शाळेत दाखल झालेले नसेल, तर त्यास वयानुरूप वर्गात प्रवेश आणि आवश्यक ते विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. याच कायद्याचे दहावे कलम मुलास शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते. तसे न केल्यास शिक्षेची तरतूद मात्र त्यात नाही. गृहशिक्षणास या कायद्याने नाव घेऊन मान्यताही दिलेली नाही आणि बंदीही घातलेली नाही.

चौदाव्या वर्षानंतर चित्र पालटते. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या शाळांत नववी आणि अकरावीला विद्यार्थ्यांची नोंदणी होते. थेट दहावीत वा बारावीत प्रवेश ठरावीक कारणांसाठीच मिळतो. केंद्रीय विद्यालयात नववीच्या प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागते आणि जागाही रिक्त असावी लागते. म्हणून परतण्याचे वर्ष नववीपूर्वी येईल असा हिशेब शक्य असल्यास करावा.

ते जमत नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस हा भक्कम आधार आहे. १९८९ साली 'राष्ट्रीय मुक्त विद्यालय' म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेस २००२ मध्ये आजचे नाव मिळाले. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यास तेथे माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदविता येते. नोंदणी पाच वर्षे वैध राहते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडविता येतात. भाषाविषयांत मराठीचाही समावेश आहे. महाराष्ट्रात परतणाऱ्यांना राज्य मंडळाच्या 'सतरा नंबर' अर्जाची खासगी वाट परिचितच आहे.

या कागदाचे मोल किती, हे मुंबईच्या मालविका जोशी हिच्या उदाहरणाने दाखवून दिले. शाळा सोडून तिने घरी अभ्यास केला आणि आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य व एक कांस्य अशी तीन पदके मिळविली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचा दरवाजा तिच्यासाठी उघडू शकला नाही. २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटीने मात्र तिला प्रवेश दिला. दिल्लीच्या द्वारका भागातील सहल कौशिक यानेही घरी आईजवळ शिकून २०१० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, आयआयटी प्रवेश परीक्षेत तेहतिसावा क्रमांक पटकाविला. ही उदाहरणे असामान्य बुद्धीची आहेत; त्यांवरून प्रत्येकाने धोरण ठरवू नये. सामान्य गुणवत्तेच्या मुलाला प्रमाणपत्राची गरज अधिकच असते.

म्हणून निघताना शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि प्रगतिपुस्तके यांच्या प्रती बरोबर घ्याव्यात. तेथे असताना दर महिन्याच्या अभ्यासाची टाचणवही, सोडविलेल्या चाचण्या, निबंध आणि प्रकल्प तारखेनिशी जपून ठेवावेत. मुख्याध्यापकांसमोर बसल्यावर पालकांच्या शब्दांपेक्षा ही फाइल अधिक बोलते.

हिशेबाचा धडा

कागदपत्रांच्या या यादीत बँकेचेही एक काम असते. नोकरीनिमित्त परदेशी राहणाऱ्याने बँकेस कळवून आपल्या बचत खात्याचे रूपांतर अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ खात्यात करून घ्यावे लागते. परतल्यावर पुन्हा निवासी म्हणून नोंद करण्यास विसरू नये. मुलांनाही या व्यवहारात सामील करून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या सूचनेपासून, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालविता येते. घरखर्चाची वही रुपयांत आणि स्थानिक चलनात अशी दुहेरी लिहिणाऱ्या मुलीला गुणोत्तर, दशांश आणि विनिमयदर वेगळे शिकवावे लागत नाहीत.

तीन वर्षांनी हे कुटुंब आर. के. पुरमला परतेल. कदाचित सेक्टर वेगळा असेल, शेजार नवा असेल. मुलांनी परदेशात काय पाहिले, हे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसेल. ते त्यांच्या बोलण्यात आणि जगाकडे पाहण्याच्या धिटाईत दिसेल. मात्र त्या धिटाईला वर्गात जागा मिळावी, यासाठी वयाचा पुरावा, अभ्यासाची नोंद आणि वाचता-लिहिता येणारी मातृभाषा या तीन गोष्टी सोबत आलेल्या असाव्यात. त्यांची तजवीज पालकांनी जाण्यापूर्वीच केली, तर बदलीतली ही तीन वर्षे मुलांच्या शिक्षणातून वजा होत नाहीत. ती त्यात जमा होतात.