मालवाहू गाडीचा चालक आणि गावचा रस्ता

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तथापि वनांतून जाणारे रस्ते दोन्ही जिल्ह्यांना आजही जोडून आहेत. सुरजागडचे लोहखनिज, चंद्रपूरचा कोळसा आणि शेतकऱ्यांचे धान या रस्त्यांवरून ट्रकांतून जाते. त्याच रस्त्यांवर बैलगाड्या आणि शाळेची मुलेही असतात.

पूर्वी नवा चालक काही वर्षे क्लीनर म्हणून उस्तादाच्या हाताखाली राही. ब्रेक, टायर व भार यांची पारख तो तेथेच शिके. ही उमेदवारी आता आखूड झाली आहे. मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी वीस वर्षे वय आणि हलक्या वाहनाचा किमान एक वर्षाचा परवाना लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढण्यात आली. म्हणून प्रत्यक्ष शिक्षणाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाची एक डुलकी बैलजोडीच्या व गाडीवानाच्या जिवावर बेतू शकते. पाच तास काम झाल्यावर अर्धा तास विश्रांती, हा दंडक १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घालून दिला, तो याचसाठी.

ग्रामसेवकांनी होतकरू तरुणांस मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेची वाट दाखवावी. शेतकरी बंधूंनी धान भरताना क्षमतेबाहेर पोती लादू नयेत, तसेच बैलगाडीच्या मागे चमकणारी लाल पट्टी लावावी. धानाबरोबर ते नेणारा माणूसही सुखरूप घरी परतला पाहिजे.