ज्वारी काढणीच्या आठवड्यात गोळी, पाणी आणि झोप कशी सांभाळायची?

सोलापूर : मंगळवेढा, मोहोळ, बार्शी, दक्षिण सोलापूर या भागात ज्वारीचं रान पिवळं पडलं आणि दाण्याच्या बुडाला काळा ठिपका दिसायला लागला, की घरातलं सगळं वेळापत्रक बदलतं. पुढचे आठ-दहा दिवस कुणाला कुणाशी धड बोलायलाही सवड नसते. बीपीची गोळी राहते, जेवण दुपारी दोनला होतं, पाणी संध्याकाळी घरी आल्यावर एकदम तांब्याभर प्यायलं जातं. 'एवढी सुगी उरकू दे, मग बघू' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं.

ही घाई उगाच नसते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढे आलेली मालदांडी माणसापेक्षा उंच वाढते आणि तिचा कडबा धान्याइतकाच मोलाचा असतो. म्हणून ती आजही बहुतेक ठिकाणी हातानं उपटून काढतात. मजुरांची टोळी आज आपल्या रानात असते, उद्या दुसऱ्यानं चार पैसे जास्त दिले तर तिकडं. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. अवकाळीत कणीस भिजलं तर दाणा काळा पडतो आणि कडब्याचाही भाव जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण भिजलेल्या दाण्याला ते काय करणार?

याच दिवसांत ऊस, डाळिंब, उन्हाळी भुईमूग यांना पाणी द्यायचं असतं. शेतीची लाईट पाळीपाळीनं येते, आणि रात्रपाळी नेमकी काढणीच्या आठवड्यात आली तर दिवसा ज्वारी आणि रात्री मोटर असा दुहेरी मार बसतो. अशा वेळी 'रोज व्यायाम करा, आठ तास झोपा' असं सांगण्यात काही अर्थ नाही. उपटणीपेक्षा मोठा व्यायाम कोणता? प्रश्न एवढाच, की या आठ दिवसांत कोणत्या गोष्टी सुटल्या तर खरोखर महागात पडतं.

पहिली गोष्ट गोळ्यांची. बीपीची गोळी चार-पाच दिवस चुकली तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि तिथंच फसगत होते. दाब आतल्या आत वाढलेला असतो. अर्धांगवायूचा किंवा हृदयविकाराचा झटका काही आधी कळवून येत नाही. एखाद्या दिवशी गोळी राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत, नेहमीची एकच घ्यावी.

साखरेच्या गोळीचं उलटं आहे. तिथं गोळी घेऊन न जेवणं धोक्याचं. पहाटे पाचला नुसत्या चहावर गोळी घेतली, रानात गेलं आणि भाकरी बारा वाजता आली, तर साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांनी किंवा इन्सुलिननं साखर फारच खाली जाते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस चिडचिड करतो, असंबद्ध बोलतो. बाकीच्यांना वाटतं ऊन लागलं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी, आणि नंतर भाकरी खायला लावावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट १०८ ला फोन करावा.

यावर आपल्याच भागात उत्तर आहे, ते म्हणजे कडक भाकरी. सोलापूरची कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. सुगीच्या आधी एका दुपारी थप्पी करून ठेवली तर घरातल्या बाईला पहाटे चारला उठून चुलीपुढं बसावं लागत नाही, आणि रानात निघण्याआधी दही, शेंगाची चटणी नि भाकरी पोटात जाते. बीपी असलेल्यांनी चटणीतलं मीठ तेवढं बेतानं घ्यावं. बाईची तासभर झोप वाचते, हा फायदा कुणी मोजत नाही, पण तो मोठा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. उन्हात कष्ट करणाऱ्यानं दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, असं तज्ज्ञ सांगतात. घड्याळ कोण बघणार? त्यापेक्षा पात लहान धरायची आणि पात संपली की पाणी, हे सोपं पडतं. यात रानमालकाची जबाबदारी जास्त आहे. घागर बांधावर लिंबाखाली ठेवली आणि टोळी दोनशे पावलं पुढं गेली, तर उक्तं काम घेतलेला मजूर पाण्यासाठी परत जात नाही, कारण तेवढ्या वेळात त्याची मजुरी बुडते. घागर पातीबरोबर सरकली पाहिजे. एखाद्या पोराला तेवढंच काम द्यावं.

बायकांची अडचण वेगळी आहे. मोकळ्या रानात लघवीला आडोसा नसतो, म्हणून त्या मुद्दाम पाणी कमी पितात. दिवसभर लघवी दाबून ठेवल्यानं जळजळ, जंतुसंसर्ग, मूतखडा असे त्रास मागे लागतात. कडब्याची दोन बुचाडं जवळ जवळ उभी करून मध्ये जुनं लुगडं बांधलं तरी आडोसा होतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करायला पुरुषांच्या लक्षात यावं लागतं.

लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजावं. घाम फार गेला तर ताक चांगलं, किंवा ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, बहुतेक पुड्यांना एक लिटर लागतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच. पाण्याची बंदी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

कंबरदुखीच्या गोळीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. उपटणीनं कंबर धरते, मग दुकानातून दुखण्याची गोळी आणली जाते आणि रोज सकाळ-संध्याकाळ घेतली जाते. अंगात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, बीपीही वाढवतात, पोटात जखम करतात. बीपी, साखर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी त्या मनानं घेऊच नयेत. रात्री गरम पाण्यानं शेक आणि पातीच्या शेवटी दोन मिनिटं कंबर सरळ करणं, याला पैसेही लागत नाहीत. तंबाखूचंही असंच. कामाच्या दिवसांत पुडी दुप्पट लागते, कारण तंबाखूनं भूक मरते. भूक मेली म्हणजे पोट भरलं असं नाही.

झोपेचं गणित सगळ्यात अवघड. रात्री मोटरीवर जायचंच असेल तर झोप दोन तुकड्यांत करावी. दुपारी एक ते तीन ऊन असतंच, तेव्हा सावलीला अर्धा-पाऊण तास आडवं व्हावं आणि काम पहाटे नि चारनंतर ओढावं. घरात दोन कर्ते असतील तर एकाच रात्री दोघांनी जागू नये. सलग १७ ते १९ तास जागा असलेल्या माणसाचं लक्ष थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखंच मंदावतं, असं अभ्यासात दिसलं आहे. रात्र जागलेल्या माणसाला सकाळी मळणी यंत्राच्या तोंडाशी कणसं लोटायला उभं करू नये, ट्रॅक्टरही देऊ नये. सैल बाह्या, गळ्यातलं उपरणं, पदर हे यंत्रापासून लांबच ठेवावं. हात गेला तर ती सुगी कुणाच्या कामाची?

उन्हात एखाद्याचं डोकं दुखू लागलं, मळमळ, गरगर झाली तर काम थांबवून सावलीत घ्यावं आणि घोट घोट पाणी द्यावं. पण अंग तापलेलं आहे आणि माणूस बरळतोय किंवा पडला, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहावं, वारा घालावा. 'थोडं पडू दे, बरं वाटेल' असं म्हणत बसू नये.

गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांचं बीपी आणि साखर मोफत तपासतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारही मोफत आहेत. मळणी यंत्रवाल्याला तारीख सांगायला जाल, तेव्हाच तिथं जाऊन महिनाभराच्या गोळ्या आणून ठेवाव्यात आणि उन्हात काम आहे हेही सांगावं, कारण लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या काहींना असतात आणि त्यांचं प्रमाण डॉक्टर ठरवतात. आणलेली पाकिटं कपाटात नकोत. भाकरीच्या फडक्यातच एक पट्टी बांधावी, म्हणजे भाकरी सोडताना ती हातात येते.