पन्नाशीतला सीएन टॉवर

टोरांटोचा सीएन टॉवर २६ जून १९७६ रोजी लोकांसाठी खुला झाला, तेव्हा त्याच्या पायथ्याशी धड शहर नव्हते. रेल्वेचे रूळ आणि शेडच जास्त होत्या. कॅनडाने १९६७ मध्ये स्थलांतरासाठी गुणपद्धत आणली, त्यानंतर तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना नायगारा आणि हा टॉवर दाखवायचा, हा तिथल्या पाहुणचाराचा जणू शिरस्ताच. पण पाहुण्यांबरोबर वर गेलेला माणूस शहर बघत नाही, पाहुण्यांना बघतो. हा टॉवर खरा कळतो तो वीस-तीस वर्षांनी, सवडीने केलेल्या फेरीत, असे माझे मत आहे.

याचे कारण साधे आहे. ३४६ मीटरवरचा निरीक्षण-मजला जिथे होता तिथेच आहे, त्यामुळे बदल मोजायला एक पक्की खूण मिळते. टॉवर उभारला गेला तोच मुळी बदलामुळे: मध्यवर्ती भागात उंच इमारती उठू लागल्या आणि टीव्हीच्या लहरी अडू लागल्या. कॅनेडियन नॅशनल या रेल्वे कंपनीने १९७३ मध्ये काम सुरू केले. त्यामागे ‘मेट्रो सेंटर’ नावाचा मोठा बेत होता. यार्ड हटवून नवे शहर वसवायचे आणि जुने युनियन स्टेशन बव्हंशी पाडायचे. विरोध झाला, बेत बारगळला, टॉवर तेवढा उभा राहिला. आज वरून खाली पाहिले की त्या बेताचे उरलेसुरले तुकडे ओळखता येतात. स्टेशन शाबूत आहे आणि त्याच्याकडे जाणारा रुळांचा पट्टाही. टॉवरच्या कुशीत १९८९ चे, छत सरकणारे क्रीडागार आहे. पश्चिमेला यार्डाच्या जागेवर काचेच्या निवासी मनोऱ्यांची दाटी. जॉन स्ट्रीटची अर्धगोल इंजिनशेड तेवढी वाचली, मधोमध इंजिने फिरवायच्या चकतीसकट. दक्षिणेला बेटे, झाडी आणि सरोवर मात्र जवळपास जसेच्या तसे.

यावर कोणी म्हणेल, उपग्रहाची चित्रे घरबसल्या फुकट दिसतात. दिसतात, पण त्यांत मुख्यतः छपरे दिसतात. कोणती इमारत कोणाचे सरोवर झाकते, हे तिरप्या नजरेलाच कळते. दुसरा आक्षेप असा, की १९९४ ची काचेची फरशी आणि २०११ पासूनची कड्यावरची दोर बांधून केलेली फेरी यांनी टॉवरची जत्रा केली. ही तक्रार रास्त आहे, तिकीटही स्वस्त नाही. तरी जत्रा फरशीजवळ भरते, खिडक्यांपाशी गर्दी कमी असते. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: एवढ्या उंचीवरून माणसे दिसत नाहीत. त्या काचेच्या मनोऱ्यांतले घरभाडे वरून कळत नाही, हे खरेच. पण शहर कुठे आणि किती दाटले हे आधी कळले, तरच भाड्याचा प्रश्न नेमका विचारता येतो.

जगातली सर्वांत उंच स्वतंत्र उभी वास्तू हा मान २००७ मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफाकडे गेला. त्याने इथे काही बिघडले नाही. प्रक्षेपण चालूच आहे. निवृत्त मंडळींनी निरभ्र दिवस पाहावा, अल्बममधला टॉवरवरून काढलेला जुना फोटो बरोबर घ्यावा आणि त्याच दिशेच्या खिडकीशी उभे राहावे.