चेटकिणींच्या माथी सिंथेसायझर

चित्रपट : ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८)
दिग्दर्शक : मायकल रीव्हज (१९६९ मध्ये, पंचविशीतच निधन)
प्रमुख भूमिका : व्हिन्सेंट प्राइस, इयन ओगिल्वी

१६४५ची इंग्लंडमधली यादवी, आणि पैसे घेऊन गावोगाव चेटकिणी ‘शोधणारा’ मॅथ्यू हॉपकिन्स. हा माणूस खराच होऊन गेला. अमेरिकेत वितरकांनी चित्रपटाला एडगर अ‍ॅलन पो यांच्या कवितेचं नाव चिकटवलं. कथेचा पोशी काडीचाही संबंध नाही!

व्हिडिओच्या जमान्यात तर कहरच झाला. ओरायन कंपनीच्या अमेरिकी कॅसेटवर पॉल फेरिस यांचं मूळ संगीत काढून सिंथेसायझर भरला. फेरिस यांच्या हळव्या सुरावटी आणि पडद्यावरचा हिरवागार सफोक परगणा यांच्यामुळेच तर चित्रपटातलं क्रौर्य अंगावर येतं. ते संगीत एमजीएमच्या २००७च्या डीव्हीडीवर परतलं, सोबत ओगिल्वींचा सहभाग असलेली कॉमेंट्रीही आली. २०१३ मध्ये स्क्रीम फॅक्टरीच्या ‘व्हिन्सेंट प्राइस कलेक्शन’ या ब्लू-रे संचात हा चित्रपट आला. संचातले इतर पाच चित्रपटही प्राइसचेच, पण हॉपकिन्सच्या भूमिकेतल्याइतका थंड, मिश्किलपणा गाळलेला प्राइस त्यांत नाही. जुनी कॅसेट मिळाली तर घ्यावी ती केवळ कपाटासाठी.