शाळेच्या फाटकाजवळील खाऊ

सकाळची प्रार्थना चालू असता शेवटच्या रांगेतील एखाद्या मुलाच्या खिशातून पाकिटाचा चुरचुर आवाज यावा, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. वेफर्स, पोंगे, क्रीमची बिस्किटे, रंगीत शीतपेये हा सारा प्रकार पूर्वी शहरातील शाळांचा समजला जाई. आज एस. टी. दिवसातून दोनच वेळा जाते अशा वाडीवरील दुकानातही पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा दोरीला लटकलेल्या दिसतात. हा अरबटचरबट खाऊ शाळेत व शाळेभोवती बंद करावा काय, असा प्रश्न केंद्रांच्या शिक्षण परिषदांतून वारंवार विचारला जातो. त्यासंबंधी थोडे विवेचन करण्याचा येथे हेतू आहे.

या प्रश्नावर शिक्षकबंधूंकडून पहिला आक्षेप येतो तो असा: "लठ्ठपणा हा शहरातील मुलांचा रोग. आमची मुले काटकुळी. त्यांच्या तोंडचे पाकीट काढून घेऊन आम्ही कोणाचे भले करणार?" आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांची जी पाहणी २०१९-२१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत झाली, तीत शेकडा ३५.२ मुले वयाच्या मानाने खुजी व शेकडा ३६.१ मुले कमी वजनाची आढळली. अतिवजनाची मुले शेकडा ४.१ एवढीच होती. परंतु हाच अखेरचा आकडा २०१५-१६ च्या पाहणीत १.९ होता, हे विसरून चालणार नाही. खुजेपण त्या अवधीत कमी झालेले नाही, आणि अतिवजनाचे प्रमाण मात्र दुपटीवर गेले. दोन्ही संकटे एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात, शेजारी शेजारी नांदत आहेत.

शिवाय काटकुळे मूल या रोगांपासून मुक्त असते, हा समजही तपासून पाहावा लागेल. या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे संशोधन आपल्याच भागात झालेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांची नवजात बालके यांचा अभ्यास सुरू केला. या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांशी त्यांची तुलना केली, तेव्हा तेथील सरासरी ३.५ किलोग्रॅम होती. इथवर आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. परंतु निरनिराळ्या अवयवांची मापे घेतली असता असे दिसून आले की, आपल्या बालकांत स्नायूंची तूट मोठी आहे, पोटातील इंद्रियांचीही तूट आहे, मात्र त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. दिसावयास बारीक व अंगात चरबी टिकवून असलेले असे हे मूल होते. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा शरीरास पुढे बैठे जीवन आणि तेल-साखरेचा आहार मिळाला, तर मधुमेह लवकर जडण्याचा धोका अधिक असतो. २०१६-१८ मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत देशातील शालेय वयाच्या मुलांपैकी सुमारे दहांमागे एकाच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली, ती बातमी या संदर्भात वाचली पाहिजे. तात्पर्य, वर्गातील दोन-तीन गुटगुटीत मुलांवर नजर ठेवून भागणार नाही. ज्यांच्या बरगड्या मोजता येतात त्यांचाही या प्रश्नाशी तितकाच संबंध आहे.

आता पाकिटात असते काय ते पाहू. बटाट्याच्या वेफर्सच्या शंभर ग्रॅममधून सुमारे ५४० उष्मांक मिळतात, आणि त्यात एक तृतीयांश वजन निव्वळ तेलाचे असते. प्रथिने जेमतेम सात ग्रॅम. शंभर ग्रॅम भुईमुगाच्या दाण्यांत उष्मांक तितकेच, किंबहुना थोडे अधिकच असतात. परंतु प्रथिने पंचवीस ग्रॅमच्या घरात जातात. पाच रुपयांच्या पाकिटात माल थोडाच असतो, मग त्याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी हानी पाकिटात काय आहे यापेक्षा ते कोणत्या वेळी खाल्ले जाते यात आहे. शालेय पोषण आहारात, म्हणजे सप्टेंबर २०२१ पासून ज्यास पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजना म्हणतात तीत, पहिली ते पाचवीच्या मुलास रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी मिळावी, आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे ठरलेले आहे. लहान सुटीत खारट पाकीट व रंगीत पाणी पोटात गेलेले मूल जेवणाच्या पंगतीत बसते खरे. पण खिचडी चिवडते आणि अर्धी टाकून उठते. आपल्या शाळेत उष्टे किती उरते हे स्वयंपाकी बाईंना विचारावे. आठवडाभर त्याची नोंद ठेवली, तर कोणत्या वारी अधिक उरते व त्या वारी गावात बाजार असतो काय, हेही ध्यानी येईल.

परंतु याची दुसरी बाजू आहे, आणि ती पाहिल्याशिवाय बंदीचा फलक लावणे हे क्रौर्य होईल. एका शाळेस भेट दिली असता मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की, त्यांनी दप्तरांची झडती घेऊन पाकिटे जप्त करण्याची पद्धत घातली आहे. टेबलाच्या खणात पंधरा-वीस पाकिटे होती. तिसरीच्या वर्गात एक मुलगा डोके टेकून पडला होता. विचारता समजले की, आईबाप पहाटेच उसाच्या फडावर जातात. रात्रीची भाकरी उरली तर उरली, नाहीतर आई दहा रुपये उशाशी ठेवून जाते. त्यातून तो दोन पाकिटे घेतो व एक धाकट्या बहिणीस देतो. जप्त झाली ती त्याची न्याहारी होती. मुख्याध्यापक सज्जन होते. त्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती व त्यांनीही विचारली नव्हती. त्या दिवशी ते फार काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी हजेरीपूर्वी मूठमूठ भाजलेले शेंगदाणे व फुटाणे देण्याची सोय गावकऱ्यांच्या मदतीने केली, असे नंतर कळले.

म्हणून मूळ प्रश्नास उत्तर असे द्यावे लागते: होय, शाळेने हा खाऊ रोखला पाहिजे, मात्र कोणते मूल तो भूक म्हणून खाते आणि कोणते चटक म्हणून, हे आधी जाणून घेतले पाहिजे. भुकेल्या मुलासाठी पर्यायी घास तयार असल्याशिवाय रोखण्यास आरंभ करू नये.

रोखण्यास कायद्याचा आधार आहे. या विषयावर एका सेवाभावी संस्थेने २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती, व २०१५ मध्ये न्यायालयाने अन्नसुरक्षा प्राधिकरणास नियम करण्यास फर्मावले. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ विकण्यास मनाई केली. पुढे प्राधिकरणाचे विनियम २०२० मध्ये निघाले व १ जुलै २०२१ पासून अमलात आले. त्यांनुसार अतिरिक्त मेद, साखर अथवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात, तसेच आवारापासून ५० मीटरच्या आत, विद्यार्थ्यांना विकता येत नाहीत. त्यांची जाहिरातही तेथे करता येत नाही. तंबाखूच्या बाबतीत २००३ च्या कायद्याने १०० यार्डांची मर्यादा घातलेली आपणांस ठाऊक आहेच. तथापि दुकान बंद करण्याचा वा दंड करण्याचा अधिकार शिक्षकास नाही. ते काम अन्न व औषध प्रशासनाचे आहे. शिक्षकाने दुकानदाराशी हमरीतुमरीवर येऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडावा, ठराव करावा व ग्रामपंचायतीकडे पाठवावा.

बंदीने लठ्ठपणा कमी होतो काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, शाळेत विक्री थांबविल्याने शाळेतील खाणे बदलते, असा निरनिराळ्या देशांचा अनुभव आहे. मुलांच्या वजनावर होणारा परिणाम मात्र इतका स्पष्ट दिसत नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने २०१६ मध्ये तीन गोष्टी एकदम केल्या: पाकिटावर काळ्या अष्टकोनी शिक्क्याने इशारा छापणे सक्तीचे केले, मुलांना उद्देशून होणाऱ्या जाहिरातींवर निर्बंध घातले आणि शाळांतून असे पदार्थ हद्दपार केले. त्यानंतर तेथील घरांत गोड पेयांची खरेदी सुमारे चतुर्थांशाने घटली. शाळा एकटी पडली की तिचे बळ अपुरे ठरते, हे यावरून ध्यानी घ्यावे आणि आपल्या एका ठरावाने गावाची प्रकृती सुधारेल अशी अपेक्षा धरू नये.

ज्या कामात शिक्षकाचा हात कोणी धरू शकत नाही, ते वर्गातील काम. पाकिटाच्या मागील बाजूस घटकांचा तक्ता छापलेला असतो. पाचवीच्या मुलांना तो त्रैराशिकाचे उदाहरण म्हणून द्यावा. शीतपेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये १०.६ ग्रॅम साखर असेल, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत किती? उत्तर २६.५ ग्रॅम. चहाचा एक चमचा म्हणजे ४ ग्रॅम साखर धरली, तर साडेसहा चमच्यांहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असे सुचविले आहे की, वरून घातलेल्या साखरेचे उष्मांक एकूण उष्मांकांच्या शेकडा १० पेक्षा कमी असावेत, व शक्य तर शेकडा ५ च्या आत ठेवावेत. ज्या मुलाची रोजची गरज १६०० उष्मांकांची आहे, त्याच्या वाट्यास दुसऱ्या हिशेबाने २० ग्रॅम साखर येते. एका बाटलीतच तो हिशेब ओलांडला गेला! मुलांनी साडेसहा चमचे साखर स्वतः मोजून पेल्यात टाकली व पेला डोळ्यांपुढे धरला, म्हणजे व्याख्यानाची आवश्यकता राहत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना मे २०२५ मध्ये साखरेची अशी माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले आहे. आपल्या शाळेत त्यासाठी छापील फलकाची वाट पाहावयास नको. खडू व फळा पुरेसा आहे.

हे करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. वजन-उंची घेताना कोणाचाही आकडा मोठ्याने वाचू नये. 'ढोल्या', 'काडी' असली नावे वर्गात चालू देऊ नयेत, आणि आपल्याही तोंडून विनोदाने निघू देऊ नयेत. मुलांच्या वजनाचे मोजमाप वय व लिंग यांनुसार बदलते. प्रौढांचे कोष्टक त्यांना लागू नाही, म्हणून निदान शिक्षकाने करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत येते, त्यांच्यापुढे नाव ठेवावे व पालकांशी एकांतात बोलावे.

आणखी एक गोष्ट थोडी संकोचाने लिहावी लागते. मुलांचे पाकीट जप्त करणारे आपण, मधल्या सुटीत चहाबरोबर खाण्यास क्रीमच्या बिस्किटांचा पुडा आणावयास त्याच मुलांपैकी एकास धाडतो. वाढदिवसाच्या मुलाने वर्गास चॉकलेट वाटले नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटावे, अशी रीत आपणच रूढ केली. स्वच्छ अक्षरासाठी गोळी, पाढे म्हटल्याबद्दल गोळी. वाढदिवसाच्या दिवशी पालकांनी पोषण आहाराच्या पंगतीत केळी, मोड आलेली मटकी किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा, अशी तिथिभोजनाची तरतूद योजनेत आहे. परसबागेतील पपई पिकली की ती कापण्याचा मान वाढदिवसाच्या मुलास द्यावा. (शेंगदाण्याच्या चिक्कीविषयी सर्वांना मोठे प्रेम आहे, ते योग्यच, परंतु गूळ हीही साखरच, हे सांगून ठेवलेले बरे.)

शेवटी दुकानदाराविषयी. फाटकाजवळील दुकान पुष्कळदा एखाद्या विद्यार्थ्याच्याच आईचे असते, व त्या मुलाच्या वह्या त्याच गल्ल्यातून येतात. अशा एका बाईंना शेंगदाणे व फुटाणे ठेवण्याविषयी विनविले असता त्या म्हणाल्या, "गुरुजी, पाकिटांची गाडी दर आठवड्याला दारात येते, माल उधार टाकून जाते आणि न खपलेला बदलून देते. शेंगदाण्याला रोख लागते, आणि पावसाळ्यात ते सादळले तर माझ्याच अंगावर पडतात." या बोलण्यास आमच्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. नंतर त्या गावातील महिला बचत गटाने भाजलेले दाणे व फुटाणे लहान पुड्यांत बांधून, विकले जातील तेवढ्याचेच पैसे घेण्याच्या बोलीवर, दुकानात ठेवण्याचे मान्य केले. पाकिटांच्या माळा बाईंनी अद्याप काढलेल्या नाहीत. शाळेच्या वेळात मात्र त्या आत सरकवून ठेवतात. येत्या पावसाळ्यात सादळण्याचा प्रश्न कसा सुटतो ते पाहावयाचे आहे. ज्या केंद्रांत असा प्रयत्न झाला असेल, तेथील शिक्षकांनी आपला अनुभव, विशेषतः फसलेला, लिहून केंद्रप्रमुखांकडे द्यावा.